बाईंचा आवाज का बसायचा?

आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप गट सुरू झाला, त्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी नववी ‘ब’मधली जुनी नक्कल आवाज रेकॉर्ड करून टाकली. घोगरा, मध्येच चिरकणारा, वाक्याच्या शेवटी विरून जाणारा आवाज: ‘मागच्या बाकावरचे, उभे राहा...’ नक्कल कोणाची, हे कोणालाच सांगावं लागलं नाही. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात एक माझाही होता.

पुढच्याच महिन्यात या स्मरणिकेच्या कामासाठी मी बाईंच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं आणि म्हणाल्या, ‘ये गं, किती वर्षांनी!’ मी दारातच थबकले. आवाज स्वच्छ होता, अगदी गोड म्हणावा असा. आपण तो कधी ऐकलेलाच नव्हता. ‘निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सुटला,’ बाई हसून म्हणाल्या. ‘अगं, ओरडायचं थांबलं की येतो परत.’ मग त्यांनी सांगितलं की, आपण नववीत होतो त्या वर्षी त्यांच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सहा आठवडे मौन पाळायला सांगितलं होतं. तेव्हा सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. बाई ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून वर्गावर येत राहिल्या आणि आपण मागच्या बाकावर त्यांची नक्कल करत राहिलो.

त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. नाव लिहायचं नाही, ही अट त्यांचीच.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे एखादी यंत्रणा कोसळली की शेवटच्या चुकीवर बोट ठेवून भागत नाही. ती चूक कशामुळे झाली, त्यामागे काय होतं, असं मागे मागे जात मूळ कारण शोधावं लागतं. बाईंचा आवाज का बसायचा, हा प्रश्न मी तसाच मागे न्यायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी वाचत गेले, मिळतील त्या शिक्षकांशी बोलत गेले आणि बघता बघता दीडशे वर्षं मागे पोचले. आपण सगळे त्या गोष्टीत आहोत, म्हणून ती इथे मांडते.

पंतोजींचे मास्तर झाले

सरकारी शाळा येण्याआधी गावात पंतोजींची शाळा असे. कोणाच्या पडवीत नाहीतर देवळाच्या ओवरीत मुलं धुळाक्षरं गिरवत. पालक जमेल तसे पैसे देत, धान्य देत, सणासुदीला काही हातावर ठेवत. मिळकत तुटपुंजी आणि बेभरवशाची. त्या शाळेत सगळ्यांना प्रवेश नव्हता आणि छडीलाही धरबंध नव्हता, त्यामुळे तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. पण काय शिकवायचं, किती दिवस शिकवायचं, कोणाला पुढे न्यायचं, हे पंतोजी स्वतः ठरवत. जाब विचारणारे लोक त्याच गावातले.

१८५४ साली वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. आता मास्तरांना ठरलेला पगार मिळू लागला, ठरलेली क्रमिक पुस्तकं आली आणि तपासणीला डेप्युटीसाहेब येऊ लागले. ही सुधारणाच होती. फक्त तिच्याबरोबर एक नवी भीती शाळेत शिरली. मुलं वर्षभर काय शिकली यापेक्षा साहेब आले त्या दिवशी काय बोलली, याला मोल आलं.

त्याआधी, १८४८ साली, पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या. त्यांच्या अंगावर शेण आणि माती फेकली जायची, हे आपण शाळेत दर वर्षी ३ जानेवारीच्या भाषणात ऐकलं आहे. आपण ते शौर्याची गोष्ट म्हणून ऐकलं, आणि ती शौर्याचीच गोष्ट आहे. पण जरा वेगळ्या बाजूने पाहा. वर्गात पाऊल ठेवायच्या आधीच त्या बाईंना रोज एक लढाई लढावी लागत होती आणि त्यानंतर शांतपणे मुळाक्षरं शिकवायची होती. बाहेरचा त्रास उंबऱ्याबाहेर ठेवून हसऱ्या चेहऱ्याने फळ्याकडे वळायचं, हे शिक्षकाचं न दिसणारं काम तेव्हापासूनचं आहे.

निकालावर पैसे

१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी एक नियमावली आणली. शाळेला मिळणारं अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांतला निकाल यांवर ठरू लागलं. मूल एका विषयात नापास झालं की त्या विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. मॅथ्यू अर्नोल्ड हे नामवंत कवी तेव्हा शाळा तपासनीस होते. या पद्धतीने शिकवणं यांत्रिक होत चाललं आहे, अशी टीका ते करत राहिले. मुलं वाचनाचं पुस्तक तोंडपाठ करत आणि तपासनिसासमोर घडाघडा म्हणून दाखवत. निकालावर अनुदान देण्याची हीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली.

मला हे वाचताना हसू आलं आणि मग आलं नाही. आमच्या कंपनीत एकेकाळी दर आठवड्याला किती चुका दुरुस्त केल्या यावर गुण मिळत. लोक सोप्या चुका शोधून दुरुस्त करू लागले आणि अवघड तशाच राहिल्या. माणूस जे मोजलं जातं तेच करतो. शिक्षकाच्या बाबतीत मोजमाप चुकलं तर त्याचा भुर्दंड मात्र मागच्या बाकावरच्या मुलाला पडतो, कारण ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तोच निकाल खाली ओढणारा ठरतो.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेलं निवेदन या संदर्भात मुद्दाम वाचावं. प्राथमिक शिक्षण हा त्याचा गाभा आहेच, पण शिक्षकाच्या पोटापाण्याचा विचारही त्यात बारकाईने केलेला आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा, असं त्यांनी सुचवलं. जास्त मुलं उत्तीर्ण करणाऱ्यांना पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा, असंही म्हटलं. म्हणजे आधी पोट भरेल इतका पगार आणि त्यावर बक्षीस.

याच निवेदनात आणखी एक सूचना आहे आणि ती वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले. गावचे हिशेब तपासणं, दस्तांची नोंदणी, टपालाचं काम, स्टॅम्पविक्री अशी कामं शिक्षकाकडे दिली तर गावात त्याचा मान वाढेल, असं जोतीरावांना वाटत होतं. त्यामागची भावना उघड आहे. ज्या गावात पाटील-कुलकर्ण्यांच्या शब्दाला वजन होतं, तिथे मास्तरांच्या शब्दालाही वजन यावं. पुढे झालं असं की, कामं आली आणि ती येतच राहिली. सोबत यायला हवं होतं ते वजन वाटेत कुठेतरी राहून गेलं.

धनी वाढत गेले

१९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डं आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. शाळा लोकांच्या हाती आल्या हे चांगलंच झालं. मात्र प्राथमिक शिक्षकाला जाब विचारणारे आता केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, सभापती, सरपंच आणि पालक असे सहा दिशांना झाले. सगळ्यांच्या हातात एकच शस्त्र होतं: बदली. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवत होती. ती म्हणते, ‘आमच्या घरात कॅलेंडर जानेवारीत नाही, मे महिन्यात बदलायचं. बदल्यांची यादी लागली की कळायचं, यंदा मुलं कुठल्या शाळेत घालायची.’

आणि कामं. जनगणना दर दहा वर्षांनी, निवडणुका मध्ये मध्ये, मतदार याद्या, अल्पबचतीची उद्दिष्टं. आणीबाणीत तर देशातल्या अनेक ठिकाणी शिक्षकांना नसबंदीची उद्दिष्टं दिली गेली आणि ती पूर्ण न करणाऱ्यांचे पगार अडवले गेले. शाह आयोगाच्या अहवालात त्याची नोंद आहे. ‘केसेस आणणं’ हा शब्द जुन्या शिक्षकांच्या तोंडून आजही ऐकू येतो. काल ज्या पालकाला ‘मुलीची शाळा सोडवू नका’ म्हणून विनवलं, त्याच्याच दारात आज केस मागायला जायचं. गावाचा विश्वास हे शिक्षकाचं भांडवल. ते असं खर्च झालं.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. सुरुवातीला मुलांना धान्य दिलं जाई. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. या योजनेने असंख्य मुलं शाळेत टिकली आणि तिच्याविरुद्ध एक शब्दही मला लिहायचा नाही. मावशीचंही तसंच मत आहे. ती एवढंच म्हणते की, तांदळाचा साठा, तेल-मीठ-मसाल्याचा हिशेब, रोजचं ताट चाखून नोंद, हे सगळं करायला कोणी वेगळं माणूस मिळालं नाही. शाळेत दोनच शिक्षक होते. आणि तेही १९८७ च्या खडू-फळा योजनेने प्रत्येक शाळेला निदान दोन शिक्षक द्यायचं ठरवलं होतं म्हणून. एक जण हिशेबाला बसला की चार इयत्ता दुसऱ्याकडे.

आपल्या शाळेच्या दिवसांत

आपली शाळा खासगी अनुदानित, म्हणून आपल्या सर-बाईंची गोष्ट थोडी वेगळी. अशा शाळांत पूर्वी नोकरी संस्थाचालकांच्या मर्जीवर असे. बाई आपल्या शाळेत येण्याआधी दुसऱ्या गावच्या एका संस्थेत होत्या. तिथे दर महिन्याला पूर्ण पगारावर सही करायची आणि त्यातला काही भाग परत करायचा, अशी रीत होती. मे महिन्यात नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा लागायची, म्हणजे सुट्टीचा पगार द्यायला नको. ‘तेव्हा पहिल्यांदा आवाज बसला,’ बाई म्हणाल्या. ‘बोलता येत नव्हतं म्हणून असेल.’

हे थांबावं म्हणून राज्याने खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा केला. तो १५ जुलै १९८१ पासून लागू झाला. नियुक्तीचे नियम ठरले, दोन वर्षांची परिविक्षा ठरली आणि अन्यायाने काढून टाकलं तर दाद मागायला शाळा न्यायाधिकरण मिळालं. हे हक्क आपोआप आले नाहीत. १९७७-७८ च्या हिवाळ्यात राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी महागाई भत्त्यासाठी ५४ दिवसांचा संप केला, त्यात शिक्षकही होते. पुढे चट्टोपाध्याय आयोगामुळे १२ वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी आली. ‘यंदा मला चट्टोपाध्याय लागली,’ असं आपले गणिताचे सर पेढे वाटताना म्हणाले होते आणि आपल्याला वाटलं होतं, सरांना लॉटरी लागली!

तर आपल्या काळात पगार बरा झाला होता आणि नोकरी पक्की होती. मग बाईंचा आवाज का बसायचा? मी त्यांना त्यांचं तेव्हाचं वेळापत्रक विचारलं आणि कागदावर हिशेब मांडला.

आठवड्याला ३० तास, प्रत्येक ३५ मिनिटांचा. म्हणजे साडेसतरा तास बोलणं, तेही पत्र्याच्या छपराखाली. दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता, हे तुम्हाला आठवत असेल. पलीकडे भूगोल चालू असेल तर इकडे मराठी त्याच्यावरच्या पट्टीत. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस. कोणी रजेवर असेल तर मोकळा तासही जायचा. पाच तुकड्या, प्रत्येकी सरासरी ५८ मुलं, म्हणजे २९० वह्या. एका वहीला फक्त दोन मिनिटं धरली तरी ५८० मिनिटं: ९ तास ४० मिनिटं. हे काम घरी, स्वयंपाक आवरल्यावर. त्यात परीक्षेचे पेपर धरलेले नाहीत, स्नेहसंमेलनाची नाटुकली धरलेली नाही आणि आपण पळवून नेलेला खडू शोधण्यात गेलेला वेळही नाही.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगायला बराच वेळ घेतला. शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह तेव्हा नीट नव्हतं. शाळा सुटेपर्यंत पाणी प्यायचंच नाही, अशी सवय त्यांनी लावून घेतली होती. कोरड्या घशाने साडेसतरा तास. मूळ कारण शोधताना मला जे हवं होतं ते इथे मिळालं असं क्षणभर वाटलं. पण तेवढंच नव्हतं.

त्याला नाव मिळालं

शिक्षकांच्या ताणाचा अभ्यास जगात उशिरा सुरू झाला. १९६६ मध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयी शिफारशी स्वीकारल्या. वर्गाचा आकार, कामाचे तास, शिकवण्यातलं स्वातंत्र्य असे मुद्दे त्यांत आले. ज्या दिवशी त्या स्वीकारल्या, तो ५ ऑक्टोबर हाच आता जागतिक शिक्षक दिन आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी दुसऱ्यांची काळजी घेणाऱ्या लोकांमधल्या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हटलं. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस किरियाकू आणि जॉन सटक्लिफ यांनी शिक्षकांना विचारून ताणाची कारणं मांडली: मुलांचं वागणं, वेळेची ओढाताण, कामाची वाईट परिस्थिती आणि शाळेतलं वातावरण.

मला सगळ्यात जास्त पटली ती रॉबर्ट कॅरासेक यांची १९७९ मधली मांडणी. ती शिक्षकांपुरती नाही, सगळ्याच नोकऱ्यांची आहे. काम खूप असणं एवढ्याने माणूस मोडत नाही. काम खूप आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा मात्र नाही, अशी जोडी जमली की मोडतो. आता वरचा सगळा इतिहास या चष्म्यातून पाहा. पंतोजींकडे पैसा नव्हता पण मुभा होती. मास्तरांना पगार मिळाला आणि मुभा गेली. त्यानंतर प्रत्येक पिढीत चांगल्या हेतूने एकेक काम वाढलं आणि आधीचं एकही काम कोणी काढून घेतलं नाही. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. नवीन सोय जोडायला सगळे पुढे येतात, जुनं काढून टाकायला कोणी तयार नसतं, आणि एक दिवस यंत्र मंद का झालं म्हणून यंत्रालाच दोष दिला जातो.

आपण शाळा सोडल्यानंतर

आपण बाहेर पडलो आणि चित्र आणखी बदललं. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली: पहिली तीन वर्षं पगाराऐवजी ठरावीक मानधन, प्राथमिकला सुरुवातीला महिना ३,००० रुपये. २००१ पासून ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या मिळू लागल्या. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर तिथल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं नाममात्र पैशांत किंवा फुकट शिकवलं. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला गेला आणि पुढे अनुदान २० टक्के, ४० टक्के असं हप्त्यांनी येऊ लागलं. एकाच शिक्षकखोलीत शेजारीशेजारी बसून एकच विषय शिकवणाऱ्या दोघांच्या पगारात अनेक पटींचा फरक, हा ताण आपल्या सर-बाईंना नव्हता.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे. अपवाद तीन: जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका. या तीन दारांतून किती काम आत येतं ते कोणत्याही शिक्षकाला विचारा. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदार यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशीच द्यावं असं सांगितलं होतं. मुलांचा तास वाचला, शिक्षकाचा रविवार गेला.

२०१५ च्या सुमारास शाळांची माहिती ऑनलाइन भरणं सुरू झालं. २०१८ मध्ये जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्याही संगणकाने झाल्या. संवर्गात प्राधान्य असलेल्या शिक्षकाने तुमची शाळा मागितली की तुम्हाला ‘खो’ बसतो, हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला. वशिला कमी झाला, हे खरं. पण पूर्वी निदान कोणाचे तरी पाय धरता यायचे, आता पडद्यासमोर बसून यादीची वाट पाहायची. आणि २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शिक्षक एकीकडे मोबाइलवर शिकवत होते आणि दुसरीकडे नाक्यावर, सर्वेक्षणात, विलगीकरण केंद्रात कामाला होते.

इथे मला माझा कबुलीजबाब द्यायचा आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे आम्ही खासगी शाळांसाठी हजेरीचं एक ॲप बनवलं. सुरुवातीला एका मुलासाठी चार रकाने होते. प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी म्हणायचं, ‘हीही माहिती घेऊया, एका क्लिकचं तर काम आहे.’ रकाने अकरा झाले आणि त्यातले नऊ मी स्वतः अनिवार्य केले. ऑफिसच्या वेगवान इंटरनेटवर एका मुलाला ४० सेकंद लागत. मला ते कमी वाटले. ६० मुलांचा वर्ग म्हणजे ४० मिनिटं, पहिला अख्खा तास, हे गणित मी केलंच नाही. ते एका शाळेतल्या शिक्षिकेने फोन करून मला सांगितलं. शेवटी तिने विचारलं, ‘मॅडम, यातली कुठली माहिती कोण वाचतं?’ मी चौकशी केली. अकरापैकी सात रकाने कोणीच कधी उघडून पाहिले नव्हते.

मी डेप्युटीसाहेबांना हसत होते. मीही त्याच रांगेत उभी होते.

हे सगळं कोणाच्या वाट्याला येतं

ताणाचे परिणाम शिक्षकाच्या शरीरावर दिसतात: बसलेला आवाज, रक्तदाब, सुजलेले पाय, उडालेली झोप. पण तिथेच ते थांबत नाहीत. थकलेला शिक्षक प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘खाली बस’ म्हणतो. पाठांतर घेणं सोपं असतं, म्हणून तेच घेतो. कधी हात उचलतो. आपल्यापैकी काहींनी शाळेत बेदम मार खाल्ला आहे आणि तो विनाकारण होता. ताण समजून घेतला म्हणजे तो मार माफ झाला असं नाही, आणि आज कायद्यानेही शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. काही शिक्षक काम टाळणारेही होते, हेही आपण सगळे जाणतो. तरीही एक प्रश्न उरतोच: जे मनापासून शिकवत होते, त्यांच्यासाठी आपण काय शिल्लक ठेवलं?

विधान परिषदेत शिक्षकांसाठी एक बारांश जागा आहेत, पण त्यासाठी मतदार व्हायचं तर निदान माध्यमिक शाळेत शिकवावं लागतं. म्हणजे मावशीसारख्या प्राथमिक शिक्षिकेला शिक्षकांच्या मतदारसंघात मत नाही. बाईंचा आवाज बसला होता, मावशीचा मोजलाच गेला नाही.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला डिजिटल फळा द्यायचा असं आपल्या गटात जवळजवळ ठरलं आहे. मी बाईंना ते उत्साहाने सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘द्या ना, चांगलं आहे. पण विचारलंस म्हणून सांगते. त्यापेक्षा दोन वर्षांसाठी एक माणूस द्या. ऑनलाइन माहिती भरेल, आहाराचा हिशेब ठेवेल. आताच्या बायकांना तेवढा वेळ वर्गात मिळू दे. आणि शिक्षिकांचं स्वच्छतागृह एकदा बघून या.’

म्हणून मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी हा विषय सभेपुढे ठेवावा, अशी समितीला विनंती करते. अर्धवेळ माहिती-लेखनिकाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या मानधनाची जबाबदारी मी घेते. पुढचे महिने कोणी घ्यायचे, त्याची वही मी प्रवेशद्वारापाशी ठेवणार आहे.

बाई मेळाव्याला येणार आहेत आणि बोलणारही आहेत. त्या व्यासपीठावर आल्या की मागच्या रांगेतल्यांनी कृपया गप्प बसावं. त्यांना आवाज चढवावा लागू नये.